अंबुकाकींचं रक्त, आत्यांचा रिपोर्ट

आमच्या अंबुकाकी भर एप्रिलात स्वेटर घालून अंगणात बसायच्या. सोलापूरचा एप्रिल काय असतो हे सोलापूरकराला सांगायला नको. कुत्री मोरीत जाऊन झोपतात, नळाचं पाणी हाताला चटका देतं, आणि आमच्या काकी मरून रंगाचा, कोपरावर उसवलेला स्वेटर गळ्यापर्यंत ओढून सावलीतून उन्हात सरकायच्या. तो स्वेटर माझ्या नवऱ्याचा, सिद्धनाथचा, शाळेतला. मी लग्न होऊन सोलापूरजवळ कुंभारीला आले त्या वर्षी हे पाहून सिद्धनाथला विचारलं, तर तो म्हणाला, काकीला गारठा वाजतो. यात विचारण्यासारखं काय आहे, असा त्याचा चेहरा होता. या घरातले पुरुष म्हशीला ताप आला तर रात्रभर उठून बसतील, पण बाई उन्हात कुडकुडली तर तिला आणखी एक वाकळ देऊन मोकळे होतात.

अंबुकाकी म्हणजे माझ्या चुलत सासूबाई. घराणं मूळचं सांगोल्याकडचं, पिढ्यान् पिढ्या मेंढरं आणि शेळ्या राखणारं. टँकरच्या मागे घागरी घेऊन पळून पळून सगळे कंटाळले, तेवढ्यात काकींच्या नवऱ्याला, अजिनाथकाकांना, सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यावर राखणदाराचं काम मिळालं आणि घर कुंभारीला आलं. मेंढरं विकली. शेळ्या तेवढ्या आल्या, कारण काकी त्यांच्याशिवाय यायला तयार नव्हत्या. त्या वेळच्या काकी वेगळ्याच होत्या म्हणतात. पहाटे उठून, भाकऱ्या थापून, शेळ्या माळावर नेऊन, दुपारी परत येऊन वर गाणं म्हणत वाकळ शिवणाऱ्या. त्यांची हाक तर साऱ्या वस्तीला माहीत होती. तोंडाने एक लांब 'यीऽऽ' आणि शेवटी जिभेचा टक् असा आवाज. त्यासरशी पार ओढ्यापलीकडच्या शेळ्या चरणं टाकून यायच्या.

मी पाहिल्या त्या काकी अशा नव्हत्या. त्यांची लेक ऋतुजा लग्न होऊन सासरी गेली आणि काकी हळूहळू मंदावल्या, असं घरातलं मत. भाकरी थापता थापता डुलकी लागायची. कुठे काय ठेवलं ते आठवायचं नाही. केस मूठभर गळायचे. अंग भरलं, तोंडावर सूज आली, तर माहेरचे लोक खूश झाले की आमच्या अंबीला सोलापूर मानवलं. आवाज घोगरा झाला. तेवढ्यावर भागलं असतं, पण काकींनी त्या घोगऱ्या आवाजात हाक मारली की शेळ्या मान वर करून बघायच्या आणि परत चरायला लागायच्या. ही कोण बाई, असं त्यांना वाटत असावं. काकी दिवेलागणीला एकेकीच्या मागे धापा टाकत फिरायच्या आणि घरी येऊन न जेवता झोपायच्या. घरानं यावर एकच निदान केलं होतं, आळस. ते निदान माझ्या सासूबाईंचं असल्यामुळे त्यावर दुसरं मत घेण्याची सोय नव्हती.

माझ्या सासूबाई म्हणजे मायाक्का. मी त्यांना आत्या म्हणते. सासरे गेल्यापासून घर त्यांच्या आवाजावर चालतं, आणि आवाज असा की फोनवर बोलतात तेव्हा फोनची गरज काय असा प्रश्न पडतो. सांगोल्याच्या बाजारात जनावरांचा भाव टॉवेलाखाली बोटं धरून ठरवतात. घेणारा आणि विकणारा टॉवेलाखाली एकमेकांची बोटं दाबतात, बघणाऱ्याला काही कळत नाही, आणि एकदा ठरलं की दोघांनाही मागे फिरता येत नाही. हे पुरुषांचं काम. आमच्या आत्या मात्र तिथे पदर खोचून बसतात आणि भल्याभल्या व्यापाऱ्यांची बोटं पिरगाळून येतात. घरात त्या सगळं करतात, फक्त चहा करत नाहीत. चहा थोरल्या जावेने करायचा नसतो, असा त्यांचा कायदा आहे. दिवसभर त्यांचं "अंबे, ऊठ की", "अंबे, हल की", "अंबे, मेलीस व्हय" चालायचं. काकी "उठते की, अक्का" म्हणायच्या आणि तिथेच बसून राहायच्या. त्या जितक्या बसून राहायच्या तितका आत्यांचा आवाज चढायचा.

शेवटी या फेब्रुवारीत आत्यांनी जाहीर केलं की अंबीच्या चारही शेळ्या विकायच्या. काबरी, मोरी, बांडी आणि चंद्री. ज्या बाईला शेळ्या ओळखत न्हाईत तिनं त्या राखायच्या कशाला, हा मुद्दा बिनतोड होता. काकी त्या दिवशी गोठ्यात काबरीच्या पाठीवर हात ठेवून बसल्या त्या जेवायलाही आल्या नाहीत. घरात काकींचं म्हणून जे काही होतं ते तेवढंच होतं. मला फार वाईट वाटलं. पण आमच्या घरात सुनेला वाईट वाटण्याची कुणी दखल घेत नाही.

आता माझं सांगते. मी सात रस्त्याजवळ एका लॅबमध्ये बिलिंगला आहे. महिला दिनाच्या निमित्तानं आमच्या मालकांना उमाळा आला आणि त्यांनी जाहीर केलं की प्रत्येक कर्मचाऱ्याच्या घरातल्या एका बाईची थायरॉईडची तपासणी लॅबतर्फे होईल. बायकांत हा त्रास जास्त असतो आणि थकवा, वजन, केस गळणं या बायकांच्या रोजच्या रडगाण्यात तो लपून राहतो, म्हणून. एका घरातली एकच बाई. माझ्या मनात काकींचं नाव आलं होतं. पण सासू सोडून चुलत सासूचं नाव घातलं असतं तर पुढचे सहा महिने मला भाकरीऐवजी टोमणे खावे लागले असते. मी निमूट आत्यांचं नाव लिहिलं. आत्यांना तपासणीची गरज तेवढीच होती जेवढी भोंग्याला कर्ण्याची.

तपासणी रविवारी आली आणि रविवारी सांगोल्याचा बाजार. त्या रविवारी माझी सुट्टी होती आणि मी भाच्याच्या बारशाला माहेरी गेले होते, म्हणून पुढचा घोटाळा माझ्या डोळ्यांदेखत झाला नाही एवढंच माझं नशीब. आत्या बाजाराला निघून गेल्या आणि लॅबमध्ये एक बाई जाऊन रक्त देऊन आली. तिनं नाव मायाक्का सांगितलं. माझ्या सहकारी मुलीनं ओळखपत्र बघितलं नाही, नळीवर नाव चिकटवलं आणि नळी मशीनला गेली. आमच्या लॅबमध्ये नळीवर एकदा नाव चिकटलं की ते ब्रह्मदेवालाही बदलता येत नाही.

सोमवारी रिपोर्ट माझ्याच समोर छापून आला. टीएसएच नावाच्या हार्मोनचा आकडा जिथे चारच्या आसपास थांबायला हवा, तिथे तो नव्वदीच्या पुढे गेला होता. म्हणजे थायरॉईडची ग्रंथी जवळपास झोपी गेलेली. मी नाव तीनदा वाचलं. त्याच सकाळी आत्यांनी पाण्याच्या टाकीवर चढून नळवाल्याला झापलं होतं.

घरी येऊन मी सगळ्यांना समजावून सांगितलं. गळ्यातली ग्रंथी काम कमी करते, त्यामुळे माणूस सुस्तावतं, थंडी वाजते, अंग सुजतं, केस जातात, आवाज बसतो, पण घाबरायचं कारण नाही, डॉक्टरांना दाखवू. आत्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. संध्याकाळपर्यंत यातलं सगळं त्यांना सुरू झालं होतं. त्या खाटेवर आडव्या पडल्या, वाकळ मागितली, आवाज खाली आणला आणि म्हणाल्या, मला वाटलंच होतं, आतून लई दिवसांपासून ढासळलेय, बोलले न्हाई एवढंच. सिद्धनाथ हळद घातलेलं दूध घेऊन धावला. अजिनाथकाकांनी कारखान्यावर सांगून रजा काढली. आणि अंबुकाकी आत्यांचे पाय चेपायला बसल्या. स्वेटर घातलेली बाई बिनस्वेटरच्या बाईचे गारठलेले पाय चेपत होती, आणि घरात कुणालाही त्यात काही खटकलं नाही. आत्यांचं काम पण काकींवरच आलं. चार दिवस त्या दोघींचं काम करत होत्या, म्हणजे भाकऱ्या दुप्पट करपत होत्या.

शुक्रवारी मी आत्यांना इंद्रायणी मॅडमकडे नेलं. मॅडमचा दवाखाना आमच्या लॅबच्या वरच्याच मजल्यावर. सोबत काकीही आल्या, कारण आत्यांना जिना चढताना कुणाच्या तरी खांद्याचा आधार हवा होता. आधार देणाऱ्या बाई पाचव्या पायरीवर धापा टाकायला लागल्या, तेव्हा आजारी बाईंनी त्यांना दंडाला धरून वर ओढलं. काकी बाहेरच्या बाकावर बसल्या आणि आम्ही दोघी आत गेलो.

मॅडमनी रिपोर्ट पाहिला, मग आत्यांकडे पाहिलं, मग परत रिपोर्ट पाहिला. नाडी बघितली, गळा चाचपला, हातापायांवर सूज दाबून बघितली, गुडघ्यावर छोटी हातोडी मारली. आत्यांचा पाय असा उडाला की मॅडम मागे सरकल्या. झोप किती, भूक कशी, पोट साफ होतं का, थंडी वाजते का, असं त्या विचारत गेल्या आणि आत्या सगळ्याला लई लई म्हणत गेल्या, पण त्यांच्या आवाजानं टेबलावरची काच थरथरत होती. मॅडम म्हणाल्या की आकडा आणि माणूस जुळत नाही, मी कागदाला गोळी देत नसते, पुन्हा रक्त घेऊ.

"परत कशाला?" आत्या म्हणाल्या. "दिलं की अंबीनं."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मी आत्यांकडे बघत राहिले. आत्यांना मात्र आमच्या चेहऱ्यांचंच नवल वाटलं. मेंढ्यांचा डॉक्टर येतो तेव्हा काय करतो, असं त्यांनी उलट मॅडमनाच विचारलं. "सगळ्या कळपाचं रक्त काढत बसतो व्हय? एका-दोघींचं घेतो आन् साऱ्यांना आवशद पाजतो. आमी दोघी एका चुलीवरलं खातो, एका हंड्यातलं पितो. मग माजं रगत काय आन् अंबीचं काय? मला बाजार होता, म्हून तिला धाडली."

मॅडमनी एकच विचारलं, की अंबी कुठे आहे. मी दार उघडून दाखवलं. बाहेर बाकावर, मार्चातल्या चाळीस अंशांच्या दुपारी, मरून स्वेटर घालून, भिंतीला डोकं टेकून अंबुकाकी झोपल्या होत्या. चेहरा सुजलेला, तोंड किंचित उघडं. पंख्याखालच्या बाकावर दुसरी जागा नव्हती म्हणून त्यांच्या शेजारी बसलेला माणूस रुमालानं मान पुसत त्यांच्याकडे संशयानं बघत होता. इंद्रायणी मॅडम उठून स्वतः बाहेर गेल्या आणि त्यांनी काकींना हात धरून आत आणलं.

काकींची नाडी मंद होती. गुडघ्यावर हातोडी मारली तर पाय उडाला, पण जरा विचार करून. मॅडमनी पुन्हा रक्त काढायला लावलं, या वेळी ज्याचं रक्त त्याच्याच नावानं, आणि टीएसएचबरोबर टी-फोरही सांगितलं. रिपोर्ट आला तेव्हा पहिला आकडा तसाच आभाळाला टेकलेला आणि दुसरा तळाला गेलेला. दोन्ही जावांना समोर बसवून मॅडमनी सांगितलं, की गळ्यातल्या ग्रंथीनं काम करावं म्हणून डोक्यातून तिला हुकूम जातो. तो हुकूम म्हणजे टीएसएच, आणि ग्रंथी जे काम करून देते ते टी-फोर. ग्रंथीला काम होईनासं झालं की डोकं हुकूम वाढवतं. तरी होत नाही, मग आणखी वाढवतं. "हा नव्वदचा आकडा म्हणजे नुसता ओरडा आहे," मॅडम म्हणाल्या. "ती ग्रंथी आजारी आहे. तिच्यावर कितीही ओरडलं तरी तिला जमणार नाही. तिला औषधच लागतं."

मी आत्यांकडे बघायचं टाळलं.

काकींनी तो कागद हातात घेतला. मग त्यांच्या घोगऱ्या आवाजात त्यांनी विचारलं, "डाक्टरबाई, म्हंजे मी आळशी न्हाई व्हय?"

"नाही हो. अजिबात नाही. या आकड्यावर तुम्ही उभ्या राहून भाकऱ्या करत होतात, हेच विशेष आहे."

"मग ह्यास्नी सांगा की," काकी म्हणाल्या आणि रडायला लागल्या. मलाही रडू आलं आणि राग पण आला. इतकी वर्षं एक बाई आपण नालायक आहोत असं समजून जगली आणि तिचं उत्तर आमच्याच लॅबच्या एका नळीत होतं.

आत्या रिक्षात आणि घरी आल्यावरही एक शब्द बोलल्या नाहीत. सिद्धनाथला वाटलं, रिपोर्ट फारच वाईट आला. खरं कारण मला रात्री जेवताना कळलं. त्या रविवारी सांगोल्यात टॉवेलाखाली सौदा झाला होता. चारही शेळ्या, मृग लागल्यावर व्यापारी स्वतः टेम्पो घेऊन येणार. बोट दाबून झालं होतं आणि आत्यांनी जन्मात कधी दाबलेलं बोट सोडवून घेतलं नव्हतं. काकींनी ऐकलं आणि भाकरीचा घास ताटात परत ठेवला. शब्द दिलाय, एवढंच आत्या म्हणाल्या, आणि त्याही जेवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून गोळी सुरू झाली. सकाळी उठल्या उठल्या, उपाशी पोटी, नुसत्या पाण्याबरोबर, आणि नंतर तासभर चहासुद्धा नाही. हे आत्यांनी ऐकलं आणि गोळीचा कारभार हातात घेतला. पहाटे त्या काकींच्या उशाशी तांब्या घेऊन उभ्या राहायच्या, गोळी गिळल्यावर जीभ दाखवायला लावायच्या आणि पुढचा तासभर चुलीसमोर राखणीला बसायच्या. एकदा काकींनी चहाच्या पातेल्याकडे नुसतं बघितलं तर आत्यांनी पातेलं पदराखाली घेतलं. पण एक फरक पडला होता. काकी कुठे डुलक्या घेताना दिसल्या की आत्या सवयीनं तोंड उघडायच्या, "अंबे" इतकं बाहेर पडायचं, मग त्यांना नव्वदचा आकडा आठवत असावा. तोंड मिटून त्या दुसऱ्या कुणाला तरी शोधायच्या. बहुतेक वेळा मी सापडायचे.

दीड-दोन महिन्यांनी परत रक्त तपासलं तर आकडा खूपच खाली आला होता. मॅडमनी गोळी थोडी वाढवली. काकींचा चेहरा उतरला, म्हणजे सूज उतरली, आणि मग ऋतुजा माहेरपणाला आली तर म्हणाली, आई तू वाळलीस गं. मे महिन्यात काकींनी स्वेटर धुऊन, घडी घालून ट्रंकेत ठेवला. सिद्धनाथनं येता-जाता त्या ट्रंकेकडे दोनदा बघितलं. एकदा पहाटे मी पाणी भरायला उठले तर गोठ्यातून अगदी बारीक आवाजात 'यीऽऽ' ऐकू आलं, आणि शेवटी टक्. आवाज स्वच्छ होता. कोपऱ्यातली काबरी उठून आली आणि काकींच्या पोटाला डोकं घासायला लागली. काकींनी मला पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. मी घागर घेऊन निघून गेले.

मृग लागला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो दारात आला. व्यापारी उतरला, आत्यांना रामराम केला आणि माल कुठाय विचारलं. माल गोठ्यात नव्हता. काकींनी त्या पहाटे आत्या उठायच्या आधीच गोळी घेऊन शेळ्या सोडल्या होत्या आणि त्या समोरच्या माळावर पार टोकाला चरत होत्या. आत्यांनी घराकडे वळून सांगितलं, अंबे, हाक मार.

काकी खाटेवर आडव्या होत्या. अंगात स्वेटर होता. तो त्यांनी ट्रंकेतून कधी काढला ते मला माहीत नाही.

"मला लई थकल्यावानी झालंय, अक्का," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका घोगरा मी पूर्वीही ऐकला नव्हता. "गारठा बी वाजतोय. आन् माजी हाक त्या कुटं ऐकत्यात?"

आत्यांनी काकींकडे बघितलं, स्वेटराकडे बघितलं. मग त्यांनी पदर खोचला, माळाच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या आणि ओरडल्या. असं ओरडणं मी त्यांच्याकडूनही ऐकलं नव्हतं. एकेका शेळीचं नाव घेऊन, हात हवेत नाचवत, सगळी वस्ती बाहेर येईल अशा आवाजात. शेळ्या बिचकून ओढ्यात उतरल्या. आत्या आणखी जोरात ओरडल्या, तशा त्या ओढ्यापलीकडच्या बाभळींत घुसल्या. व्यापारी दोरी घेऊन मागे धावला. आत्या त्याच्या बरोबरीनं धावत, त्याला कुठून वळायचं ते सांगत, ओरडत राहिल्या. शेळीला कधी ओरडून बोलवायचं नसतं, ती लांब पळते, हे लग्न झाल्यावर मला आत्यांनीच शिकवलं होतं.

ऊन चढलं. व्यापारी बाभळीचे काटे काढत परत आला, ओसरीवर बसून तांब्याभर पाणी प्यायला आणि म्हणाला की असला रानटी माल त्याला नको, सौदा त्याच्या बाजूनं मोडला म्हणून समजा. माजा शबूद मी पाळत हुते, आत्या म्हणाल्या, तूच सोडतोयस, ध्यानात ठेव. त्यानं ते कबूल केलं आणि टेम्पो वळवला.

टेम्पो अक्कलकोटच्या रस्त्याला लागेपर्यंत कुणी हललं नाही. मग काकी उठल्या. स्वेटर डोक्यावरून काढला, खाटेवर टाकला, अंगणाच्या कडेला गेल्या आणि फार जोर न लावता त्यांनी हाक मारली. एक लांब 'यीऽऽ', आणि शेवटी टक्. बाभळी हलल्या. आधी काबरी दिसली, मग मोरी, मग बांडी आणि चंद्री एकदमच, आणि चौघी ओढा ओलांडून धावत आल्या.

आत्या घामानं निथळत उंबऱ्यावर बसल्या होत्या. त्यांचा आवाज पार बसला होता.

"अंबे, गोळी घेतलीस का गं सकाळी?"

"घेतली की, अक्का. कवाच."

"मग बस जरा," आत्या म्हणाल्या आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "मी च्या टाकते."